अर्ध्यावर ठेवायची बॅटरी

माझे वडील लातूरला मोटारपंपांचं दुकान चालवतात आणि रविवारी विमान उडवतात. घरात आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. विमान म्हणजे रिमोटवर चालणारं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं, त्यांनी स्वतः कापून, घासून, चिकटवून केलेलं. पंख जोडले की ते घराच्या दारातून आडवं जात नाही, तिरकं करून न्यावं लागतं. लोकांना हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे ड्रोन का?" ड्रोन म्हटलं की अप्पांचं डोकं फिरतं. माझंही फिरतं. राग ही आमच्या घरात सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली एकमेव इस्टेट आहे.

मी नांदेडला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. विमान उडवायला मी अप्पांकडूनच शिकले, तेही फ्रॉक घालायच्या वयात. त्यामुळे उडवणाऱ्यांच्या आमच्या गटात मी एकटी बाई आहे याचं मला फारसं काही वाटत नाही. इतरांना वाटायचं, पण त्यांची विमानं माझ्यापेक्षा जास्त वेळा पडायला लागल्यावर तेही थांबलं.

गट म्हणजे नोंदणी-बिंदणी काही नाही. काही लातूरचे, काही नांदेडचे, बिलोलीचे एक मास्तर आणि धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी. या मिरचीवाल्या काकांना माळावर पोचायला अंधारातच घर सोडावं लागतं, यावरून वेड कुठवर गेलं असेल ते ओळखा. अहमदपूरच्या अलीकडं रस्त्याला लागून एक मोकळा माळ आहे. दोन्ही गावांना साधारण मधला पडतो म्हणून आम्ही तिथं जमतो. धावपट्टी वगैरे चैन तिथं नाही. काळी जमीन, उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की विमानाची चाकं त्यात अडकून मोडतात. म्हणून आमच्या विमानांना चाकंच नसतात. डाव्या हातात रिमोट धरायचा, उजव्या हातानं विमान डोक्यावर उचलायचं, वाऱ्याकडं तोंड करून दोन-चार पावलं पळायचं आणि अंगातला सगळा जोर लावून फेकायचं.

आणि एक नियम आहे. ज्याचं विमान, त्यानंच ते फेकायचं. फार पूर्वी एकानं दुसऱ्याचं विमान फेकलं, ते नाकावर आपटलं आणि चूक फेकणाऱ्याची की उडवणाऱ्याची यावरून दोघा जिवलग मित्रांचा अबोला झाला. तेव्हापासून हा नियम. तो कुठं लिहिलेला नाही, पण आमच्याकडं कुणी तो मोडत नाही. जो फेकत नाही तो चटईवर बसून चहा पितो आणि इतरांना सल्ले देतो. त्याला उडवणारा म्हणत नाहीत.

मग एका वर्षी अप्पा दुकानातून घरी येताना मोपेडवरून पडले आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. प्लेट बसवली. महिने गेले, जखम भरली, हात जेवायला, सही करायला, गिऱ्हाईकाला पाइप दाखवायला चालायला लागला. पण खांद्याच्या वर जाईना, आणि झटका तर मुळीच सहन होईना. डॉक्टर म्हणाले, आहे त्यात समाधान माना. अप्पांना समाधान मानायला कुणी सांगितलं की ते "हाव, हाव" म्हणतात, म्हणजे हो, हो, आणि मग आपलंच खरं करतात.

रविवारी ते माळावर यायचे, पण विमान आणायचे नाहीत. विचारलं की म्हणायचे, "वारा लई हाय." वारा पडलेला असला की, "दुकानात माल उतरायचाय, लगेच निघायचंय मला." आणि मग ऊन डोक्यावर येईपर्यंत चटईवर बसून राहायचे. खांद्याचा शब्द काढायचे नाहीत. गटात कुणालाच त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, हा भाग वेगळा.

एकदा मिरचीवाल्या काकांनी चांगल्या मनानं म्हटलं, "अप्पा, पुढच्या वक्ताला आणा तुमचं विमान. मी फेकून देतो, तुम्ही नुसतं रिमोट सांभाळा."

"मिरच्या फेका तुम्ही," अप्पा म्हणाले आणि चहाचा कप ठेवून गाडीत जाऊन बसले.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर लातूरला गेले. दुकानात पीव्हीसी पाइपांच्या वर, छताच्या हुकाला विमान टांगलेलं होतं. मला वाटलं होतं त्याच्यावर बोटभर धूळ साचली असेल. धुळीचा कण नव्हता. अप्पा ते रोज डाव्या हातानं खाली काढून पुसत होते. रोज पुसायचं आणि रोज तिथंच टांगून ठेवायचं, हे माझ्यानं बघवेना. मला रडू यायला हवं होतं, पण आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे राग आला.

आता बॅटरीचं सांगते. अप्पांच्या विमानात निकेलची बॅटरी होती. सेल एकमेकांना झाळून, वर टेप गुंडाळून त्यांनी स्वतः बांधलेला गठ्ठा. हातात घेतला तर विटेचा तुकडा घेतल्यासारखा वाटायचा. जड तर होताच, शिवाय मोटारला ताकदही बेताची द्यायचा. त्यामुळं विमान जोरात फेकावं लागे. हळू सोडलं की ते हातातून सुटून सरळ बांधात. बाकी सगळे केव्हाच लिथियमवर गेले होते. लिथियमची बॅटरी निम्म्याहून हलकी आणि ताकद दांडगी. नुसतं सोडलं तरी विमान आपलं आपण वर ओढून घेतं. एकटे अप्पा निकेलला धरून बसले होते. माळावर एकदा कुणाचं तरी विमान पडलं आणि त्यातली लिथियमची बॅटरी पेटली. विमानाची राख झाली. तेव्हापासून अप्पांचं मत ठाम होतं, "ती बॅटरी न्हाई, फटाका हाय."

मी पुढच्या खेपेला नांदेडहून लिथियमच्या दोन बॅटऱ्या आणि त्यांचा चार्जर घेऊन आले. विमान हुकावरून काढलं, निकेलचा गठ्ठा त्यात घातला आणि दुकानामागच्या अंगणात अप्पांच्या हातात दिलं.

"उचला."

"येडी झालीस का?"

"उचला म्हणते मी."

त्यांनी उचललं. कमरेपर्यंत आलं. फेकण्यासाठी त्यांनी हात मागं नेला आणि तोंड वाकडं झालं. मी विमान काढून घेतलं, गठ्ठा बाहेर काढला, तिथं लिथियम ठेवलं आणि परत दिलं. त्यांनी उचललं. हात मागं नेला. पुढं आणला. डोक्यावर नेला नाही, कमरेच्या बाजूनंच, पण आणला. परत एकदा केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्याचं चार्जिंग कसं असतंय?"

मी फिजिक्सची मास्तरीण. मला आणखी काय पाहिजे होतं! चार्जर कसा लावायचा, बॅटरी एकटी सोडून जायचं नाही, आजूबाजूला जळण्यासारखं काही ठेवायचं नाही, हे सगळं सांगितलं. अप्पांनी एक जुना रांजण शोधला, त्याच्या तळाला वाळू घातली आणि जाहीर केलं की हा फटाका आमच्या घरात रांजणातच चार्ज होणार. मला ते पटलं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी शेवटी सांगितली, आणि दोनदा सांगितली. निकेलचं शास्त्र वेगळं होतं, ती पार उतरवून मग चार्ज करायची. हिला पार उतरवलं तरी चालत नाही आणि पूर्ण भरून ठेवलं तरी चालत नाही. उडवायच्या दिवशी सकाळी भरायची, उडवायची, आणि एरवी अर्ध्यावर ठेवायची. उन्हाळ्यात तर भरलेली बॅटरी ठेवणं म्हणजे तिला मारणंच.

"अर्धी?" अप्पा म्हणाले.

"अर्धी."

"हाव," अप्पा म्हणाले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण आमच्यापुढं आणखी एक भानगड उभी होती, तिच्यात मी गुंतले.

बॅटरी हलकी झाल्यावर विमानाचा तोल गेला. पंखांखाली दोन्ही हातांची बोटं लावून विमान उचललं, तर ते सपाट राहायला पाहिजे, नाक जरासं खाली. आमचं शेपटीवर बसलं. जड बॅटरी नाकात होती म्हणून इतकी वर्षं शेपूट वर राहिलं होतं. लिथियम अगदी मोटारला चिकटवून ठेवलं तरी भागेना. मी म्हटलं, नाकात शिशाचा तुकडा घालू.

अप्पा भडकले. "वजन कमी करायला हे आणलंस, आन् आता शिसं भरायचं? कशाला मंग, निकेलच बरं की!"

बरोबर होतं. मग आम्ही दोघांनी शेपटीकडं मोर्चा वळवला. शेपूट तोलाच्या जागेपासून लांब असतं, तिथलं थोडंसं वजन काढलं की नाकात बरंच घातल्यासारखं होतं. हे मी फळ्यावर दरवर्षी शिकवते आणि अप्पा आयुष्यभर जड पंप पहारीनं हलवत आलेले. आम्हाला एकमेकांना समजावावं लागलं नाही. त्यांनी स्वतः केलेलं प्लायचं भक्कम शेपूट स्वतःच्याच करवतीनं कापलं. ते कापताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना बाल्साचं नवं शेपूट केलं, मधून खिडक्यांसारखे तुकडे काढून टाकले, वर पातळ कागद ताणला. पॉलिश पेपरच्या भुशानं दोघांचे केस पांढरे झाले होते. अप्पांचे तसे होतेच. बोटांवर उचललं तेव्हा विमान सपाट राहिलं, नाक किंचित खाली. अप्पा बराच वेळ ते तसंच धरून उभे राहिले. बाहेर कुणीतरी पंपाचा फूटव्हॉल्व्ह मागत होतं, त्याला त्यांनी थांबायला सांगितलं.

परीक्षांचे दिवस आले म्हणून मी नांदेडला परतले. ठरलं असं की सुट्टी लागली की मी यायचं आणि माळावर जायचं. मधल्या काळात आई फोनवर बातम्या द्यायची. आईला आम्ही अव्वा म्हणतो. पहिली बातमी अशी होती की तुझ्या बापाला भूत लागलंय. म्हणजे काय तर अप्पांनी पाइपाचा एक तुकडा घेतला, त्यात वाळू भरून विमानाएवढं वजन केलं, आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी अंगणात तो फेकायचा सराव सुरू केला. डोक्यावरून नाही, कमरेच्या बाजूनं. फेकायचा, जाऊन उचलायचा, परत फेकायचा. शेजारचे विचारायला लागले, अव्वानं सांगितलं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. हे ऐकून मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले. साठी ओलांडलेला माणूस, प्लेट बसवलेला खांदा, आणि जन्मभराची फेकायची सवय टाकून नवी शिकून राहिलाय. माझे विद्यार्थी एक सूत्र बदललं तर महिनाभर कुरकुर करतात.

सुट्टी लागल्याबरोबर मी लातूरला पोचले. अप्पा दारातच होते. चेहरा पडलेला. मला रांजणापाशी घेऊन गेले. दोन्ही बॅटऱ्या तळणीतल्या पुरीसारख्या टम्म फुगल्या होत्या.

"तुझं लिथियम," अप्पा म्हणाले.

माझा पारा चढला. "भरून ठेवल्या होत्या ना?"

अप्पा रांजणातली वाळू बोटानं सारखी करायला लागले.

"अप्पा, भरून ठेवल्या होत्या ना? अर्ध्यावर ठेवा म्हणून दोनदा सांगितलं होतं मी!"

मग अव्वा मधे पडली. लातूरच्या बाईला ही गोष्ट समजणं अवघडच होतं. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरा. ज्या उन्हाळ्यात गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो आमच्या अंगणातून पुरता गेलेला नाही. पाणी आलं की हंडे, बादल्या, पातेली, टाकी, शेवटी पेलेसुद्धा भरून ठेवायचे. लाईटचं तेच. लाईट आली की पीठ दळून घ्यायचं, टाकी भरायची, टॉर्च, मोबाईल, इन्व्हर्टर सगळं चार्जिंगला लावायचं, कारण पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. अर्धं भरलेलं भांडं दिसलं तर आमच्या घरात कुणाला झोप लागत नाही.

"भरून ठिवलं तर काय पाप केलं?" अव्वा म्हणाली. "अर्धं ठिवा म्हणं. असं कुठं असतंय का? रविवारी सकाळी लाईटच न्हाई आली, मंग?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "ठिवली होती की अर्धी. दोन दिवस ठिवली. लाईट गेली, आली. मला वाटलं, आता हाय तर भरून घ्यावी. उतरली तर परत भरली." थोडं थांबून म्हणाले, "सुट्टीला येशील तवा तयार पायजे म्हणून."

रागाला जागाच राहिली नाही. पण बॅटऱ्या मेल्या होत्या. फुगलेली बॅटरी घरात ठेवणं धोक्याचं असतं. मी म्हटलं, बादलीभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवू या, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. लातुरात, मे महिन्यात, बॅटरी बुडवायला बादलीभर पाणी मागणाऱ्या मुलीकडं अव्वानं जसं बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. शेवटी भांडी धुतलेलं पाणी मिळालं. अप्पांनी विमान उचललं, खिळ्यासारखं ताठ उभं राहून डाव्या हातानं ते हुकाला टांगलं, आणि म्हणाले, "राहू दे आता. झालं एवढं बास."

मला त्या वेळी खरी भीती वाटली. खांद्यानं त्यांना थांबवलं होतं, ते मी समजू शकत होते. पण आता ते स्वतःवर रुसले होते, आणि अप्पा एकदा रुसले की वर्षं जातात.

नांदेडला परतल्यावर मी नव्या बॅटऱ्या घेतल्या. त्या नांदेडला माझ्याकडंच ठेवते, दिवाळीच्या सुट्टीत घेऊन येते, असं फोनवर म्हटलं. पलीकडून आवाज आला, चढलेला, "माझी बॅटरी माझ्या घरात ऱ्हाईल. तू कशाला ठिवतीस?" हा आवाज ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पुढच्याच आठवड्यात बॅटऱ्या अर्ध्या भरून लातूरला देऊन आले.

पावसाळाभर आमच्या माळावर चिखल असतो, उडवणं बंद. तेवढे महिने त्या बॅटऱ्या लातूरला रांजणात अर्ध्यावर राहायच्या होत्या. अव्वा फोनवर सांगायची, लाईट गेली आणि आली की अप्पा उठतात, रांजणापाशी जातात, उभे राहतात आणि परत येऊन बसतात. एकदा तिनंच न राहवून विचारलं, लावू का थोडा वेळ? तर अंगावर खेकसले. दुकानात वायर घ्यायला आलेल्या लोकांनाही ते सांगायला लागले की लिथियम पोटभर जेवून झोपत नसतंय. माझं वाक्य नव्हतं ते, पण मी ते वर्गात वापरलं.

दिवाळीत मी आले आणि आधी रांजणात हात घातला. दोन्ही बॅटऱ्या सपाट, कडक, जशा दिल्या तशा. अप्पा मागं उभे होते. "बघ," म्हणाले. एवढंच. वर्गात पहिला आलेल्या पोराच्या तोंडावर असतो तो सगळा भाव त्या एका शब्दात होता.

रविवार उजाडला आणि लाईट गेली. चार्जिंगला लावायच्या वेळेलाच. अव्वा स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हटलं नव्हतं? भरून ठिवायला काय झालतं?" मी कपाळाला हात लावला. माळावर सगळे जमणार होते, मिरचीवाले काका तर धर्माबादहून निघालेही असतील. मी अप्पांकडं बघितलं, मला वाटलं आता स्फोट होणार.

अप्पा शांत होते. त्यांनी माझ्याकडं चार्जर मागितला, उलटा करून बघितला. त्याला दोन लांब वायरी होत्या, टोकाला चिमटे. त्या कशासाठी हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, मी स्वतः घरात कायम भिंतीतल्या प्लगवरच लावायची. आमच्या इन्व्हर्टरवर नुसते दिवे-पंखे चालतात, भिंतीतला प्लग नाही. अप्पांनी तो बंद केला आणि झाकण काढलं. आतली मोठी बॅटरी, लातूरच्या रिवाजाप्रमाणं, काठोकाठ भरलेली. चिमटे तिच्यावर लावले. चार्जरचा दिवा लागला. रांजणात वाळूवर ठेवलेली लिथियम भरायला लागली.

"ही भरून ठिवायची," अप्पा इन्व्हर्टरवर थाप मारून म्हणाले, "आन् ती अर्धी. कळलं का गं?" हे अव्वाला उद्देशून होतं. अव्वा म्हणाली, "पंखा बंद पडला." पण चहात आलं तिनं जास्त घातलं.

माळावर आम्ही पोचलो तेव्हा सगळे आले होते. अप्पांनी गाडीच्या मागच्या सीटवरून विमान काढलं, पंख जोडले, रबर बांधले. बिलोलीच्या मास्तरांचं विमान हवेत होतं, ते त्यांनी आधी खाली उतरवून घेतलं. अप्पांनी बॅटरी आत सरकवली, जोडली, झाकण लावलं. मग बोटांवर विमान उचलून तोल बघितला. सगळ्यांना दिसावं म्हणून जरा जास्त वेळ बघितला, असं मला वाटलं.

मिरचीवाले काका पुढं आले. त्यांना राहवलं नाही. "अप्पा, खांदा दुखरा हाय तुमचा. या वक्ताला तरी मी फेकतो. नियम-बियम राहू द्या."

"मागं व्हा," अप्पा म्हणाले.

काका मागं झाले. मीही झाले. खरं तर मला धावून जाऊन विमान त्यांच्या हातातून घ्यावंसं वाटत होतं. प्लेट, हाड, डॉक्टर, सगळं आठवत होतं, आणि त्यांच्यासमोर मला तसं काही करता येणार नाही हेही माहीत होतं.

अप्पांनी वाऱ्याकडं तोंड केलं. डाव्या हातात रिमोट. उजवा हात खाली, कमरेशी, विमानाच्या पोटाखाली. अंगठ्यानं मोटार चालू केली. नाकावरचा पंखा घुमायला लागला तसं विमान हातातच पुढं ओढ घ्यायला लागलं. ते पळाले नाहीत. एक पाऊल पुढं टाकलं आणि हात कमरेच्या बाजूनं पुढं नेला, पाण्यात दिवा सोडावा इतक्या हळू.

विमान खाली गेलं नाही. क्षणभर गवताच्या बरोबरीनं गेलं, मग नाक वर झालं आणि ते चढायला लागलं. निकेलवर ते कधी असं चढलं नव्हतं. आवाज बदलला होता, चाल बदलली होती, नव्या शेपटीला ते खुशाल वळत होतं. अप्पांनी माळाला फेरी मारली. दुसरी मारली. मग उंचावर नेऊन एक गिरकी घेतली, जी मी त्यांना कधीच घेताना पाहिली नव्हती, कारण तेवढी ताकदच निकेलमध्ये नसायची. कुणीतरी शिट्टी वाजवली. मिरचीवाले काका तेलुगूत काहीतरी ओरडले. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. माझा बाप उडवत होता, स्वतः फेकून उडवत होता, आणि मला त्या क्षणी त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा मला आजवर कशाचाच वाटलेला नाही. पदवीचा नाही, नोकरीचा नाही, स्वतःचा तर मुळीच नाही.

विमानानं चढणं कमी केलं तसं अप्पांनी ते वेळेवर खाली घेतलं. बॅटरी पार उतरू द्यायची नसते, हेही ते विसरले नव्हते. गवतावर सरकत येऊन ते आमच्यापासून जवळच थांबलं. सगळे टाळ्या वाजवत होते. अप्पांनी रिमोट माझ्या हातात दिला, जाऊन विमान उचललं आणि परत आले. चालताना ते उजवा हात अंगाला धरून होते. ओठ घट्ट मिटलेले.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "अप्पा, दुखतंय का?"

"दुखतंय की," अप्पा म्हणाले. "दुसरी बॅटरी दे."